स्लॅबचं पाणी

दुपारच्या सुट्टीत मिस्त्री बायकोसमोर येऊन बसला, आणि डबा उघडायच्या आधी त्याने उजव्या हाताचा अंगठा तिच्या नाकासमोर धरला. अंगठ्यावर पांढुरकी भुकटी होती.

“हे काय आहे?”

“अंगठा,” ती म्हणाली.

“अंगठ्यावर काय आहे?”

“धूळ. इथे दुसरं काय असणार, पावडर?”

“स्लॅबची कड आहे ही. नखसुद्धा लावलं नाही, नुसता अंगठा फिरवला. चक्कीतल्यासारखं पीठ सुटतंय.” त्याने आजूबाजूला पाहिलं. दोन खांबांपलीकडे बिगारी पाय ताणून झोपले होते. त्यातला एक खरंच झोपलाय की सोंग घेतोय, हे त्याने थोडा वेळ निरखलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सिमेंट खाल्लंय कोणीतरी.”

काहीतरी करायचं म्हणून तिने पाण्याची बाटली पुढे केली. तो घटाघटा प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, “पाणी बाकी तुझ्या हातचं. सगळ्यांच्या घरी गढूळ, आपल्याकडे नुसती काच. काय फिरवतेस, तुरटी?”

“तुरटी,” ती म्हणाली.

मिस्त्रीला शंका येत नाही अशी वस्तू जगात विरळा होती. दुकानदाराचा काटा, डॉक्टरची सुई, पश्चिमेचा ढग, शेजाऱ्याचं हसणं, सगळं तो उलटंपालटं करून बघायचा. लग्नात सासऱ्याने घातलेली अंगठी त्याने सोनाराकडून तपासून घेतली होती, आणि तो सोनार सासऱ्याच्या ओळखीचा निघाला तेव्हा दुसऱ्या सोनाराकडून. पण बायकोने तुरटी म्हटलं की तुरटी.

त्याच्या धंद्याला हा स्वभाव मानवला होता. तो टेकू लावायचा. स्लॅब टाकायची म्हणजे आधी खाली लोखंडी टेकू उभे करायचे, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर सळया, आणि वर ओलं काँक्रीट. ते स्वतःच्या जिवावर उभं राहीपर्यंत त्याचा सगळा भार टेकूंनी सोसायचा. प्रत्येक टेकू चोर आहे असं धरून हा माणूस त्याला खालून-वरून हलवून बघायचा, म्हणून आजवर त्याच्या हाताखाली एकही स्लॅब खचली नव्हती. गावाकडे शेतीत राम उरला नाही, विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा घरदार उचलून तो इथे आला तो या नावावरच. बरोबर आई, बायको, लहान मुलगी, आणि बायकोचा भाऊ. भाऊ मिक्सर चालवायचा. वाळू, खडी, सिमेंट, पाणी त्याच्या हातून जायचं आणि काँक्रीट होऊन बाहेर पडायचं.

बांधकाम पाणीयोजनेचं होतं. लांबच्या तलावातलं पाणी नळाने आणून या कोरड्या मुलखाला पाजायचं, त्यासाठीचं हे पंपघर. फाटकावर हसऱ्या थेंबाचं चित्र होतं. थेंबाला हात, पाय आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. आत काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते अजून मिळायचं होतं.

तिचं काम स्लॅबला पाणी पाजायचं. साइटवर तिला सगळे पाणीवाली म्हणत. स्लॅब टाकली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर मातीचे छोटे बांध घालायचे, वाफे करायचे, वाफ्यांत पाणी भरायचं आणि ते आटू द्यायचं नाही. कडांना ओली गोणपाटं. हाताखाली पाच-सहा बाया, सगळ्या शेतातून आलेल्या. वाफे कोणी शिकवायला लागलं नाही. पहिल्या दिवशी त्या खूप हसल्या होत्या.

“लसूण लावू का गं?”

“लाव. उगवला तर नाव इंजिनिअरचं, नाही उगवला तर चूक मिस्त्रीची.”

स्लॅबसाठी रोज टँकर यायचा. स्वच्छ, गार पाणी, कारण खराब पाण्याने सिमेंट बिघडतं असा वरून हुकूम होता. माणसांसाठी वेगळा टँकर होता. तो जेव्हा यायचा तेव्हा यायचा, आणि त्याच्या पाण्यात काय काय असायचं ते तळाशी बसल्यावर कळायचं. उन्हाळा चढला तशी मुलगी त्या पाण्याने आजारी पडली. जुलाब थांबेनात. पोरीचे डोळे आत गेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहायची. दवाखान्यातल्या बाईने गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, “पाणी चांगलं द्या.” जणू काही कपाटात चांगलं आणि वाईट अशी दोन प्रकारची पाणी ठेवली होती आणि हिने मुद्दाम वाईट काढलं होतं.

त्या संध्याकाळी पाणीवालीने स्लॅबच्या पाण्याची एक कळशी पदराआड घरी नेली. पोर बरी झाली. दुसरी कळशी नेताना काकूने पाहिलं.

काकू म्हणजे या बायांची मुकादमीण, नेमलेली नव्हे, आपोआप झालेली. ती ओरडली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “एकटीनं खाऊ नये गं. पचत नाही.” मग पाळ्या लागल्या. आज या दोघी, उद्या त्या दोघी. वाफे हळूहळू कोरडे पडले. ऑफिस टेकाडावर होतं, तिथल्या खिडकीतून स्लॅबची एक कड दिसायची. तेवढ्या कडेचे वाफे मात्र तुडुंब असत. चिमण्या त्यांत आंघोळी करत आणि इंजिनिअर बाई खिडकीतून समाधानाने मान हलवत.

“काही होणार नाही ना?” पाणीवालीने एकदा विचारलं होतं.

“काय होतंय?” काकू म्हणाली. “आपण घरं सारवली नाहीत? भिंती लिंपल्या नाहीत? गारा वाळला म्हणजे घट्ट झाला. ओला राहिला तर पडेल. इतकं ऊन आहे, दोन दिवसात दगड होईल दगड. यांना शहरात माती माहीत नाही, म्हणून पाणी ओतत बसतात.”

हे बिनतोड होतं. त्यांच्यातल्या प्रत्येकीने मातीची भिंत वाळताना पाहिली होती. काँक्रीट वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, हे तिथे कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं. बायांना ‘पाणी मारा’ एवढंच सांगितलं होतं, कारण त्यांना कारण सांगायची पद्धत नव्हती.

आणि आता मिस्त्रीच्या अंगठ्यावर पीठ होतं.

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत चुलीपाशी सासू, दाराजवळ मिस्त्री, आणि उंबऱ्यावर पाय बाहेर सोडून भाऊ बसला होता. पायांत नवे कोरे बूट. मिस्त्री ते बूट बघत होता.

“दाजी, मघापासून बुटांकडे काय बघताय? नजर लागेल.”

“कोणी दिले म्हणालास?”

“कंपनीनं. किती वेळा सांगू? सुरक्षेचे आहेत. बोटांवर लोखंड आहे आतून.”

“साइटवर एवढी माणसं. बूट तुलाच.”

“पाहुणे येतात तेव्हा रस्त्यावरून पहिला मिक्सर दिसतो. म्हणून मिक्सरवाल्याला बूट. फोटो काढला माझा. तुम्ही असता आत, खांबांच्या गर्दीत. तुम्हाला बूट देऊन कोणाला दिसणार?”

“मिक्सर दिसतो,” मिस्त्री म्हणाला. “मिक्सरात काय पडतं ते नाही दिसत.”

भाऊ वळला. “म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. मला वाटलं तेवढं बोललो.”

“नाही, बोला ना पुरतं.”

“स्लॅब पिठासारखी सुटतेय, मेव्हणेबुवा. सळया मी मोजून घेतल्या, टेकू माझे, खडी समोर पडलेली. राहिलं काय? सिमेंट. आणि सिमेंटच्या पिशव्या फोडतं कोण?”

भाऊ उठून उभा राहिला. खोली एवढीशी, उठला की डोकं पत्र्याला लागायचं, तसं लागलं. त्यामुळे त्याचा राग थोडा कमी दिसला. “ताई, ऐकतेस ना हे?”

ती परातीत पीठ मळत राहिली. सासू चुलीत काटकी सारत म्हणाली, “काखेत कळसा न् गावाला वळसा.”

“तू काय बोलतेस मध्येच?” मिस्त्री म्हणाला.

“काही नाही रे. म्हण आठवली. म्हाताऱ्या माणसाला आठवतात.” आणि तिने सुनेकडे न बघता मुलीला पाण्याचा पेला दिला. सासूला सगळं माहीत होतं. पण ते पाणी तिच्याही पोटात गेलेलं होतं, त्यामुळे ते बाहेर पडायची भीती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री टेकाड चढून ऑफिसात गेला. ती वाफ्याची माती सारखी करत होती. तिथून दार दिसायचं, आणि साहेबांचा न् मिस्त्रीचा, दोघांचाही आवाज मोठा होता.

या साहेबांना साइटवर तक्तेवाले म्हणत. त्यांच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत पट्ट्यांचा तक्ता होता. कोणतं काम कधी सुरू आणि कधी संपलं पाहिजे ते त्यावरून कळायचं. काम झालं की नाही हे बघायला ते खाली फारसे येत नसत. पट्टी संपली म्हणजे काम संपलं. उगाच उन्हात कशाला.

“टेकू आणखी थोडे दिवस राहू द्या, साहेब. मला स्लॅबची शंका आहे.”

“मिस्त्री, तुम्हाला कशाची शंका नाही? मागे तुम्हाला क्रेनच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांची शंका होती.”

“तिरळा होता तो.”

“टेकू भाड्याचे आहेत. परवा ट्रक येतोय, ते दुसऱ्या साइटला जायचे आहेत. तिथली पट्टी आपल्या पट्टीवर अवलंबून आहे. हे बघा, ही पिवळी.” साहेबांनी तक्त्यावर बोट आपटलेलं तिला ऐकू आलं. “आणि ठोकळा पास झालाय.”

ठोकळ्यांचं असं होतं: स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरून ठेवत, आणि पुढे यंत्रात दाबून फोडून बघत. ठोकळा दाब सोसतो तर स्लॅबही सोसेल, असा हिशेब. तोवर हे ठोकळे ऑफिसमागच्या हौदात, स्वच्छ पाण्यात, वरून झाकण घालून ठेवलेले असायचे. त्या सगळ्या मुलखात मनासारखं पाणी मिळणारे तेवढेच.

“ठोकळे भरताना चांगला माल घातला असेल,” मिस्त्री म्हणाला. “दाखवायचे दात वेगळे.”

“म्हणजे तुम्ही तुमच्या मेव्हण्याला चोर म्हणताय?”

“मी कोणाला काही म्हणत नाही.”

“मग टेकू काढा.”

मिस्त्री जे बोलला ते ऐकून तिच्या हातातलं फावडं थांबलं. “मी सांगेन तो काढेल. ज्यानं माल कालवला, त्यानंच खाली जाऊन टेकू काढावेत. माल चोख असेल तर त्याला कशाची भीती?”

साहेबांनी विचार केला. तक्त्यात टेकू काढायचे एवढंच लिहिलं होतं, कोणी काढायचे ते लिहिलेलं नव्हतं. “चालेल,” ते म्हणाले.

दुपारपर्यंत ही गोष्ट साइटभर झाली. बिगाऱ्यांना ती फार आवडली. कोणी म्हणालं, पूर्वी तापल्या तेलात हात घालायला लावत, तसलंच हे. कोणी म्हणालं, चोर असेल तर स्लॅबला बरोबर कळेल. भाऊ मिक्सरजवळ उभा होता. खाली मान घालून नव्हे, उलट जरा जास्तच वर.

ती त्याला टाकीच्या आडोशाला घेऊन गेली. “तू जायचं नाहीस.”

“का?”

“स्लॅब कच्ची आहे.”

त्याचा चेहरा बघता बघता बदलला. “तूसुद्धा?”

“अरे, तसं नाही—”

“स्लॅब कच्ची म्हणजे काय गं, ताई? म्हणजे मी सिमेंट खाल्लं. दाजी तेच म्हणतात, तूही तेच म्हणतेस, फक्त तू मायेनं म्हणतेस. एक पिशवी इकडची तिकडे केली असेन तर हात झडतील माझे. मी जाणार. नाही गेलो तर उद्या पोरगी कोण देईल मला? चोराला?”

“माझं ऐकून तरी घे.”

“परवा ऐकतो,” तो म्हणाला आणि गेला. बुटांचा टक टक आवाज करत गेला.

तिने खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण शब्द बाहेर आला नव्हता. का आला नव्हता, हे तिला संध्याकाळी काकूच्या खोलीत कळलं.

काकूची सून भिंतीला टेकून बसली होती. नववा लागला होता. पाय सुजलेले, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहील असे. काकू तिला थोडं थोडं पाणी पाजत होती. पाणी काचेसारखं होतं.

“सांगून टाकू या,” पाणीवाली म्हणाली. “सगळ्या मिळून. स्लॅबला पाणी मिळालं नाही म्हणून सांगू.”

“पाण्यानं काय होतंय? वाळलीये ती. चोपून बघ.”

“पीठ सुटतंय, काकू.”

“मग सिमेंट खाल्लं असेल. तुझा भाऊ आहे म्हणून तुला पाणी सुचतंय.” काकूचा आवाज चढला नाही. “तू सांग. मग काय होईल? आपण सगळ्या घरी. टँकरला कुलूप. त्या मेल्या टँकरचं पाणी ही पिणार? अशा दिवसांत? बघ तिच्याकडे.”

तिने बघितलं. सुनेने नजर चोरली, पण पेला सोडला नाही.

“माझा भाऊ खाली जाणार आहे, काकू.”

“तुझा भाऊ मोठा आहे. त्याला नको म्हणायला तोंड आहे. हिच्या पोटातल्याला नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने वेड्यासारखं पाणी घातलं. बायांना कळशा भरू दिल्या नाहीत, सगळा टँकर वाफ्यांत सोडला. स्लॅबने ते फुस्सकन पिऊन टाकलं. काही ठिकाणी पाणी केसासारख्या बारीक रेघांतून खाली झिरपलं आणि थेंब टेकूंवर पडले. बाया बाजूला उभ्या राहून बघत होत्या. एकजण म्हणाली, “नाटकं.” घरी गेली तर सासू म्हणाली, “आज रिकाम्या हातानं?” आणि मुलीने गढूळ पाण्याचा पेला ढकलून दिला.

ज्या दिवशी टेकू निघायचे त्या सकाळी सुरक्षेची सभा झाली. ती रोजच व्हायची. सगळ्यांनी उजवा हात पुढे करून शपथ घ्यायची: मी सुरक्षित काम करीन, इतरांना सुरक्षित काम करायला लावीन, धोका दिसल्यास काम थांबवीन. शेवटचं वाक्य सगळे जोरात म्हणत, कारण त्यानंतर चहा असायचा. आजवर कोणी काम थांबवलं नव्हतं. चहा मात्र एकदा थांबला होता, त्यावरून भांडण झालं होतं.

आज साहेब स्वतः टेकाड उतरून आले होते. स्वच्छ पांढरं हेल्मेट, हातात फोन. बाजूला इंजिनिअर बाई. कॉलेजातून निघून तिला फार दिवस झाले नसावेत, अजून ती सगळ्यांच्या नमस्काराला उलट नमस्कार करायची. भाऊ हातोडा घेऊन पुढे आला. मिस्त्री हाताची घडी घालून लांब उभा होता. बिगारी जत्रेला यावं तसे जमले होते, पण स्लॅबच्या सावलीबाहेर, कडक उन्हात.

“धोका दिसल्यास काम थांबवीन,” सगळे म्हणाले.

“मला दिसतोय,” पाणीवाली म्हणाली.

चहाकडे वळलेले लोक थांबले. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. “कोण बोललं?”

“मी. स्लॅबला पाणी मिळालेलं नाही. आम्ही घातलंच नाही. फक्त तुमच्या खिडकीतून दिसतं तेवढ्या कडेला घातलं. बाकीचं घरी नेलं. प्यायला.”

साइटवर मिक्सर बंद असला की किती शांत होतं, ते तेव्हा कळलं. ती नवऱ्याकडे बघायचं टाळत होती, तरी बघितलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो कुठेच बघत नव्हता. तुरटी, तुरटी असं काहीतरी त्याच्या ओठांवर हलत असावं.

“कोणाविरुद्ध तक्रार आहे ही?” साहेबांनी विचारलं.

“माझ्याच.”

“असं नसतं,” साहेब म्हणाले. “तक्रार दुसऱ्याविरुद्ध असते.” मग त्यांना सुचलं. “अच्छा. भाऊ ना तो तुझा?”

गर्दीतून “हां” असा एक लांब आवाज आला. सगळ्यांना एकदम सगळं कळलं. भावावर खाली जायची वेळ आली तशी बहिणीला पाणी आठवलं. दोन बिगारी एकमेकांना कोपर मारून हसले. भाऊच सगळ्यांत जास्त चिडला. “ताई, माझ्यासाठी खोटं बोलू नको. मला लाज आणू नको.”

“खोटं नाही रे.”

“या बायांना विचारा की,” कोणीतरी म्हणालं.

साहेब बायांकडे वळले. “काय हो? पाणी घातलं नाही तुम्ही?”

बायांनी पदर सारखे केले. काकू एक पाऊल पुढे आली. “असं कसं होईल, साहेब? आम्ही रोज घातलं. सकाळ-संध्याकाळ. तुम्ही वरून बघत होता ना.”

“मी स्वतः बघितलंय,” साहेब म्हणाले. ते खरंही होतं. “झालं तर मग. चला, सुरू करा.”

भाऊ स्लॅबखाली गेला. पहिल्या टेकूची खीळ त्याने हातोड्याने ठोकली. टेकू सैल झाला, त्याने तो उचलून बाहेर ठेवला. सगळ्यांचे डोळे वर. वरून थोडी भुकटी पडली, त्याच्या खांद्यावर, नव्या बुटांवर. बाकी काही झालं नाही.

“बघा,” साहेब म्हणाले.

पाणीवाली आत गेली आणि भावाशेजारी उभी राहिली. त्याने दंडाला धरून तिला बाहेर लोटायचा प्रयत्न केला. ती लोटली गेली नाही. ओझी वाहिलेली बाई होती.

“मिस्त्री, हिला बाहेर घ्या,” साहेब म्हणाले.

मिस्त्रीने पाऊल उचललं आणि सावलीच्या रेषेपाशी थांबला. “बाहेर ये,” तो म्हणाला.

“तुम्ही म्हणालात ना, चोर असेल त्यानं जावं? मग मी आलेय बरोबर जागी.”

साहेबांना हे काही आवडलं नाही. ट्रक फाटकाशी येऊन उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. वरच्या ऑफिसला दर आठवड्याला सुरक्षेचे फोटो पाठवावे लागत, तेही राहिले होते. साहेबांनी एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. त्यांनी फोन काढला.

“असं करू. पाणी घालणाऱ्या सगळ्या बाया आत या. हिच्या शेजारी, रांगेत. छान फोटो घेऊ. कामगारांचा कामावर विश्वास, असं खाली लिहू. मग हिचं बोलणंही मिटलं. या, या. लवकर. सावली आहे आत, उन्हात कशाला उभ्या?”

कोणी हललं नाही.

“अहो, या ना.”

ऊन डोक्यावर आलं होतं. बायांच्या पायांत चपला होत्या-नव्हत्या, आणि त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. कोणाच्या गळ्यावरून घाम ओघळून चोळीत जात होता. सावली हाताच्या अंतरावर होती. एकीने काकूकडे बघितलं, काकूने दुसरीकडे. साहेब हसत हसत फोन धरून उभे होते. मग त्यांचं हसू तसंच राहिलं आणि हात खाली आला.

इंजिनिअर बाईने आधी बायांकडे पाहिलं, मग वर. ती स्लॅबच्या कडेपाशी गेली आणि तिने मिस्त्रीसारखाच अंगठा फिरवला. अंगठ्याकडे बघितलं. “ठोकळे हौदात होते,” ती हळूच म्हणाली, कोणाला उद्देशून नव्हे. आणि मग एकदम मोठ्याने, आवाज फाटेल इतक्या मोठ्याने: “दोघंही बाहेर या. पळू नका. काही धरू नका. हळू या. ट्रक परत पाठवा.”

“आणि पट्टी?” साहेब म्हणाले, पण तेवढ्यापुरतंच.

भाऊ बाहेर आला, त्याच्या मागोमाग ती. मिस्त्रीने वाटेत पडलेला तो काढलेला टेकू उचलला. इंजिनिअर बाई म्हणाली, “थांबा, मिस्त्री.” पण तो ऐकण्याच्या पलीकडे होता. तो वाकून आत गेला, टेकू जागेवर उभा केला आणि खीळ ठोकली, जपून, झोपलेल्या माणसाच्या उशाशी ठोकावी तशी. बाहेर येताना बायकोच्या जवळून गेला. “पोरीला जुलाब झाले होते तेव्हापासून?” त्याने विचारलं.

“तेव्हापासून.”

“आईला माहीत होतं?”

उत्तराची वाट न बघता त्याने मान हलवली, आणि मेव्हण्याकडे वळला. मेव्हणा खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याने दोन्ही बूट काढून दाजींच्या पायांशी ठेवले आणि अनवाणी मिक्सरकडे चालू लागला.

साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते की टँकरवर आजपासून माणूस बसवा, आपला, विश्वासातला. बाया पांगल्या. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. फक्त काकू मागे राहिली. ती शिव्या देईल म्हणून पाणीवाली उभी राहिली होती. पण काकू जवळ आली, तिच्या केसांतली भुकटी तिने हाताने झटकली, आणि साध्या आवाजात, बाजाराचं विचारावं तसं विचारलं:

“भाऊ वाचवलास. बरं झालं. आता संध्याकाळी पोरीला काय पाजशील?”